सामाजिक धोरण, तासिका तत्त्वावर

सेलूच्या कॉलेजात, मंगळवारी, चौथ्या तासाला
मी इंग्लंडचा अठराशे चौतीसचा कायदा शिकवतो.
पटावर अकरा, वर्गात सहा.
पंखा एकाच गतीने फिरतो
म्हणून खडूची पूड सगळ्यांच्या वाट्याला सारखी येते.

मी सांगतो: गरीबखाना म्हणजे असं घर
जिथली पेज मुद्दाम पातळ ठेवायची,
नवरा एका दालनात, बायको दुसऱ्या,
म्हणजे बाहेरची कितीही हलकी मजुरी
आतल्या घासापेक्षा गोड लागेल.
लिहून घ्या, पाच मार्कांना येतं.

द्वारका घनसावंत लिहून घेत नाही.
ती वालूरहून येते, पहिल्या एसटीने,
आणि पेनाचं टोपण दातांत धरून विचारते,
"सर, पेज पातळ झाली का नाही
हे चाखून कोण बघायचं?"

मी जर्मनीकडे वळतो.
तिथं कामगारांना म्हातारपणाची पेन्शन मिळाली, सत्तरीनंतर,
आणि सत्तरी गाठणारे मोजके.
मग उत्तरेकडचे थंड देश:
दाखला नको, शिफारस नको,
तिथं राहता एवढं पुरे.
हे वाक्य फळ्यावर लिहिताना अक्षर बिघडतं माझं.
माझी नेमणूक जुलैत सुरू होते, मार्चात संपते,
मानधन दिवाळीनंतर आलं तर आलं.
पेन्शन हा शब्द मी शिकवण्यापुरता वापरतो.

आमच्या भागाच्या वाट्याला त्या पुस्तकात चार ओळी आहेत.
बहात्तरचा दुष्काळ, रोजगार हमी, कायदा, कंसात साल.
द्वारकाची एसटी ज्या रस्त्याने येते
त्याच्या पोटात तिच्या आजीनं फोडलेली खडी आहे.
हे तिनंच सांगितलं, सहज,
खिडकीबाहेर थुंकून आल्यावर.

सत्राच्या शेवटी प्रकल्प: एका योजनेचा अभ्यास.
बाकीच्या पाचांनी एकाच सायबर कॅफेतून
एकच प्रकल्प आणला, मुखपृष्ठं वेगळी.
द्वारकाची मात्र वही, हातानं लिहिलेली:

"हलीमाबी पिंजारी, वय अडुसष्ट, एकटी.
लोक आता फोमच्या गाद्या घेतात
तरी ती गोधड्या शिवते, उशा भरते.
निराधारच्या अर्जाला उत्पन्नाचा दाखला लागतो.
मी सोबत गेले.
साहेबांनी विचारलं, वर्षाला किती?
ती बोटं मोजत म्हणली, चोवीस हजार.
त्यांनी पेन खाली ठेवला.
म्हणले, आजी, एकवीसच्या आत सांगा.
ती म्हणली, काहून? कमावलेत मी. सुई मोडूस्तोर शिवलंय.
त्यांनी परत विचारलं.
तिनं परत चोवीसच सांगितलं.
ते वाईट नव्हते. चहा सांगितला त्यांनी.
फाईल अजून तिथंच आहे.
सर, तुमच्या इंग्लंडात पेज पातळ करायचे.
आमच्याकडं माणूस पातळ करून मागायलेत."

निष्कर्ष असं लिहून खाली तिनं पान कोरं सोडलंय.
विद्यापीठाच्या नमुन्यात निष्कर्षाला चार गुण.
मी दोन दिले.
मग खोडून चार केले.
मग वाटलं, ही मेहेरबानी झाली,
आणि मेहेरबानी नि हक्क यातला फरक
मी गेल्याच महिन्यात तासभर शिकवलाय.

परवा सेतू केंद्रात रांगेत होतो.
पोरीच्या फीची सवलत, त्यासाठी दाखला.
काचेपलीकडच्या पोरानं मान वर न करता विचारलं,
"वार्षिक किती टाकू?"
माझ्या मागे चौदा माणसं.
शेजारच्या खिडकीवर कुणीतरी
फोटो चिकटवायला भाताचं शीत मागत होतं.
"टाका," मी म्हणालो,
आणि आकडा घशात फिरत राहिला.
"किती, सर?" पोरानं परत विचारलं.
ओळखत असावा. माझाच असेल,
पटावरच्या अकरांतला,
कधी वर्गात न आलेला.